अबू हुरेरा : शिकारीच्या गावात शेती कशी शिरली

सीरियाच्या उत्तरेत, अलेप्पोच्या पूर्वेला सुमारे १२० किलोमीटरवर, युफ्रेटिस नदीच्या दक्षिण काठावर अबू हुरेरा नावाचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्त्यांचे थर साचून झालेलं, टेकाड होतं. 'होतं' म्हणायचं कारण १९७४च्या सुमारास ते तब्का धरणाच्या जलाशयात बुडालं. धरण बांधून होत होतं तेव्हा, १९७२ आणि १९७३ अशा दोन हंगामांत, अँड्र्यू मूर यांच्या पथकानं तिथं उत्खनन केलं. टेकाडाचा पसारा साडेअकरा हेक्टर, काही ठिकाणी साचलेल्या थरांची जाडी आठ मीटर, आणि हातात फक्त दोन हंगाम. त्यामुळे टेकाडाचा अगदी लहानसा भागच खणता आला. तरीही माणूस शिकारी-संग्राहकाचा शेतकरी कसा झाला, हे समजून घ्यायला याच्याइतकी भरीव जागा क्वचितच सापडते.

त्याचं कारण साधं आहे. बहुतेक ठिकाणी आपल्याला एक तर शिकाऱ्यांचा मुक्काम मिळतो, नाही तर तयार शेतकऱ्यांचं गाव. मधला बदल घडतो दुसरीकडेच. अबू हुरेरात दोन्ही गावं एकावर एक आहेत. खालचं गाव सुमारे १३,३०० वर्षांपूर्वी वसलेलं, शिकार आणि रानातल्या अन्नावर जगणारं. वरचं सुमारे १०,६०० वर्षांपूर्वीपासूनचं, गहू-जव-मसूर पिकवणारं. जागा तीच, नदी तीच. बदललं काय आणि कुठल्या क्रमानं, एवढंच पाहायचं उरतं.

राखेतून दाणे कसे काढले

दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचा दाणा मातीत तसाच राहत नाही, कुजून जातो. उरतो तो फक्त जळालेला दाणा, तोही अर्धवट जळून कोळसा झालेला. चुलीत पडलेला, भाजताना करपलेला, जळणासोबत आत गेलेला. तो मातीच्या रंगाचाच असतो आणि बोटात धरला की चुरा होतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी आणि खुरप्यानं खणणाऱ्याच्या तो हाती लागत नाही.

अबू हुरेरात त्या काळी नवी असलेली पाण्यावर तरंगवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. थर आणि जागा नोंदवून माती पाण्याच्या टाकीत सोडायची. खालून पाणी उसळत राहतं, माती सुटते, दगड-हाडं तळाच्या जाळीवर बसतात, कोळसा झालेले दाणे हलके असल्यानं वर येतात आणि सांडव्यातून बारीक चाळणीत जमा होतात. मग ते सावलीत वाळवायचे. उन्हात वाळवले तर झटकन आकसून तडकतात आणि इतकी मेहनत वाया जाते. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा आजच्या वनस्पतींच्या बियांशी ताडून पाहायचा. हे काम गॉर्डन हिलमन यांनी वर्षानुवर्षं केलं. खालच्या गावातून त्यांना दीडशेहून अधिक प्रकारच्या खाण्याजोग्या वनस्पतींच्या बिया आणि फळं मिळाली.

पहिलं गाव : शेताशिवाय कोठार

सुरुवातीला लोक जमिनीत खणलेल्या गोलसर खड्ड्यांत राहत. वर लाकडी खांब आणि गवत-वेतांचं छप्पर. वस्ती शे-दोनशे माणसांची असावी. ही माणसं भटकी नव्हती. वेगवेगळ्या ऋतूंत पिकणारी फळं-बियाणं तिथं सापडतात, म्हणजे वर्षातला बहुतेक काळ कुणी ना कुणी वस्तीवर होतं. शेती आली म्हणून माणूस एका जागी स्थिरावला, हा शाळेत शिकलेला क्रम इथं उलटा पडतो. माणूस आधी स्थिरावला, शेती नंतर आली.

स्थिरावणं परवडलं ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे गझेल, आपल्याकडच्या चिंकाऱ्याच्या कुळातलं हरिण. त्यांचे कळप दर वसंतात माळरानावरून उत्तरेकडे येत. खालच्या गावातल्या हाडांपैकी सुमारे ८० टक्के हाडं गझेलची आहेत. टोनी लेग आणि पीटर रॉली-कॉन्वी यांनी दातांवरून या जनावरांची वयं काढली. नुकतीच जन्मलेली पिल्लं, बरोबर वर्षाची जनावरं आणि पूर्ण वाढलेली असे गट दिसले, मधल्या वयाची मात्र जवळजवळ नाहीत. वर्षभर शिकार चालली असती तर तीन, सहा, नऊ महिन्यांची पिल्लंही मिळायला हवी होती. म्हणजे शिकार वर्षातून एकदाच होई, विणीनंतर लगेच, एप्रिलअखेर ते मे महिन्यात, आणि कळपच्या कळप एका वेळी मारले जात. सीरिया-जॉर्डनच्या माळावर दगडी भिंतींचे नरसाळ्यासारखे सापळे आजही विमानातून दिसतात. १९२०च्या दशकात ब्रिटिश वैमानिकांनी त्यांना 'पतंग' हे नाव दिलं. कळप हाकत रुंद तोंडातून आत न्यायचा आणि टोकाच्या कोंडवाड्यात अडकवायचा, अशी त्यांची रचना. एवढं मांस दोन-चार दिवसांत संपत नाही, ते वाळवून ठेवलेलं असणार.

दुसरी गोष्ट रानटी गवतांचं धान्य. रानटी आइनकॉर्न गहू, रानटी राय (गव्हाच्याच नात्यातलं थंड मुलखातलं धान्य), लांब कुसळांच्या गवताचे दाणे, पाणथळातल्या लव्हाळ्यांच्या बिया. जोडीला रानपिस्ता आणि रानटी मसूर. नांगर-पेरणीशिवाय यातून किती मिळू शकतं, याचा अंदाज जॅक हार्लन यांनी १९६६मध्ये तुर्कस्तानातल्या काराजादाग डोंगरावर प्रत्यक्ष कापणी करून घेतला. गारगोटीचं पातं बसवलेल्या विळ्यानं तासाला जवळपास अडीच किलो ओंब्या निघाल्या, त्यातून स्वच्छ दाणा साधारण एक किलो. आता हिशोब करू. घरातले चार जण, दिवसाला दहा तास, तीन आठवडे: सुमारे ८४० किलो. पाच तोंडांच्या घराला वर्षभर माणशी रोज साडेचारशे ग्रॅमहून थोडं जास्त. वर गझेलचं मांस, मसूर, पिस्ता. जमीन खणणं नाही, खुरपणी नाही, राखण नाही.

हा हिशोब समोर ठेवला की खरा प्रश्न दिसतो. माणसाला शेती सुचली कशी, हा प्रश्न नव्हेच. दाणा पडला की रोप उगवतं, हे रोज दाणे वेचणाऱ्याला कुणी शिकवायला नको. इतकं बरं चाललेलं असताना एवढं कष्टाचं काम कुणी अंगावर का घेतलं, हा खरा प्रश्न आहे.

थंडी-दुष्काळाची बाराशे वर्षं

सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी हवामान पालटलं. शेवटच्या हिमयुगातून ऊबदार होत चाललेलं जग पुन्हा थंड आणि कोरडं झालं. या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. तो सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकला. अबू हुरेराच्या थरांत त्याचा परिणाम अगदी क्रमानं वाचता येतो. आधी झाडझाडोऱ्याच्या कडेनं मिळणारी फळं आणि कंद कमी होतात. मग रानटी मसूर आणि तिच्यासारख्या मोठ्या दाण्याच्या शेंगवर्गी वनस्पती. मग रानटी गहू आणि राय. मग कुसळी गवताचे दाणेही. ज्याला पाणी जास्त लागतं ते आधी गेलं. वस्तीभोवतालचं रान एकेक पायरीनं मागं सरकत होतं.

आणि नेमक्या याच थरांत दोन वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. एक, कोरडवाहू शेतात हटकून माजणाऱ्या तणांच्या बिया वाढतात. दोन, रायचे मोजके दाणे सापडतात, रानटी दाण्यापेक्षा ठसठशीत, लागवडीच्या दाण्यासारखे. हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये निष्कर्ष मांडला: रानातलं धान्य हटू लागल्यावर लोकांनी ओलाव्याच्या जागा पाहून ते स्वतः पेरायला सुरुवात केली. पेरणीची कल्पना नवी नव्हती, गरज नवी होती.

हा निष्कर्ष मोहक आहे, म्हणूनच तो कुठं ठिसूळ आहे हे नीट पाहिलं पाहिजे. तीन अडचणी आहेत.

पहिली, दाणा जळताना फुगतो. ज्वारी लाहीसारखी फुलते तितकं नाही, पण मापात फरक पडण्याइतकं नक्की. त्यामुळे ठसठशीत दाणा म्हणजे पाळीव (माणसाच्या लागवडीत बदललेला) दाणा, असं केवळ मापावरून म्हणता येत नाही.

दुसरी, उंदीर-घुशींची बिळं आणि मुळांच्या पोकळ्या. वरच्या गावातला दाणा त्यातून घसरून खालच्या गावाच्या थरात येतो. थराचं वय दाण्याला चिकटवलं की दोन-तीन हजार वर्षांची चूक होते. म्हणून प्रवेगक यंत्रानं एकेका दाण्याचं कार्बन-कालमापन करावं लागलं. त्यात खालच्या थरातले काही 'पाळीव' दाणे खरोखरच वरून आलेले निघाले. रायचे काही मात्र त्या जुन्या काळाचेच ठरले.

तिसरी अडचण मराठी शेतकऱ्याला चटकन कळेल: गोवऱ्या. जनावर तण खातं, त्यातल्या कित्येक बिया न पचता शेणात उतरतात, शेण वाळवून चुलीत घातलं की त्या बिया जळून राखेत राहतात. मग पुराशास्त्रज्ञाला चुलीत तणाच्या बिया मिळतात आणि त्याला वाटतं, इथं शेत होतं. स्यू कॉलेज आणि जेम्स कॉनॉली यांनी २०१०मध्ये हा सगळा पुरावा पुन्हा तपासला. तणाच्या बिया शेतातूनच आल्या असं धरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांतल्या काही लोकांनी सरळ खाण्यासाठी गोळा केलेल्या असू शकतात, काही शेणातून आलेल्या.

पुढे २०२२मध्ये अलेक्सिया स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जुन्याच नमुन्यांत शेणाच्या खुणा शोधल्या. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात चुन्याचे अतिसूक्ष्म गोल कण तयार होतात आणि शेणातून बाहेर पडतात. असे कण खालच्या गावाच्या थरांतच मिळाले. म्हणजे शिकारीवर जगणारे हे लोक थोडी जिवंत जनावरं वस्तीजवळ बांधून ठेवत होते आणि त्यांचं शेण जाळत होते. त्यामुळे तणांच्या बियांचा पुरावा आणखी सैल झाला, पण शिकारी आणि पशुपालक यांच्यातली भिंतही पातळ झाली. आमच्या मते यंगर ड्रायसमध्ये इथं थोडीफार पेरणी झाली असावी, पण तिला शेतीचा जन्म म्हणणं फार होईल. हातभार लावणारं एखादं रायचं वावर आणि शेतीवर चालणारं गाव यांच्यात दोन हजार वर्षांचं अंतर आहे.

ओंबी झडायची कशी थांबली

हे अंतर इतकं लांब का, हे ओंबीच्या रचनेत दडलं आहे.

रानटी गव्हाची ओंबी पिकली की तिच्या कण्याचे सांधे आपोआप सुटतात आणि खपलीसकट दाणे जमिनीवर पडतात. झाडाच्या दृष्टीनं हेच बरोबर, कारण बी मातीत जायला हवं. कापणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र हे नुकसान. तीळ काढायला चार दिवस उशीर झाला की बोंडं तडकून दाणे रानात जातात, सोयाबीनच्या शेंगा उन्हात फुटतात, तसंच. पाळीव गव्हाचा कणा पिकल्यावरही घट्ट राहतो. दाणे सोडवायला मळणी लागते. जवाच्या बाबतीत कण्याचा ठिसूळपणा दोन शेजारी-शेजारी जनुकांवर ठरतो, आणि त्यांतलं कुठलंही एक बिघडलं तरी कणा घट्ट होतो. असं बिघडलेलं रोप रानात अधूनमधून उगवतंच, पण त्याचे दाणे ओंबीतच अडकून राहतात आणि वंश पुढं जात नाही.

मग तेच रोप माणसाच्या शेतात कसं जिंकतं? हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी रानटी आइनकॉर्न लावून, कापून पाहिलं आणि १९९०मध्ये गणित मांडलं: परिस्थिती जुळली तर २० ते २०० वर्षांत अख्खं पीक घट्ट कण्याचं होऊ शकतं. ही 'परिस्थिती' म्हणजे काय, ते समजून घेण्यासाठी सोपे, मानलेले आकडे घेऊ.

समजा, ओंब्या बऱ्याचशा पिकल्यावर विळ्यानं कापल्या. रानटी रोपाचे शंभरातले साठ दाणे आधीच गळालेले, चाळीस घरी आले. घट्ट कण्याच्या रोपाचे नव्वद घरी आले. कापणीतला सहावा हिस्सा बियाण्याला ठेवला. म्हणजे रानटी रोपामागे साडेसहा-सात दाणे पेरले, घट्ट रोपामागे पंधरा. दर वर्षी घट्ट रोपांचं प्रमाण सव्वादोन पट. दहा लाखांत एक रोप असलं तरी दहा वर्षांत ते तीनशेत एक होतं आणि सतराव्या वर्षी निम्मं शेत घट्ट कण्याचं. एका माणसाच्या उमेदीत घडणारी ही गोष्ट आहे.

पण हे बियाणं नव्या, कोऱ्या जमिनीत पेरलं तरच. त्याच वावरात पेरलं तर आधी गळालेले साठ दाणेही उगवणार. मग रानटी रोपामागे साठ अधिक सात, म्हणजे सदुसष्ट. घट्ट रोपामागे सांडलेले दहा अधिक पंधरा, म्हणजे पंचवीस. रानटीच जिंकतो. पाखरांनी आणि मुंग्यांनी गळालेले निम्मे दाणे खाल्ले असं धरलं तरी रानटीच जिंकतो. दर वर्षी पेरलं, पण जागा बदलली नाही, तर शतकानुशतकं पेरूनही पीक रानटीच राहतं.

आणखी दोन ठिकाणी गाडी अडते. ओंब्या हिरव्यासर असतानाच कापल्या तर दोन्ही प्रकारचे दाणे सारखेच घरी येतात, निवड होतच नाही. आणि गळती वाचवायची असेल तर कुणीही शहाणा माणूस हिरव्यासर असतानाच कापेल. दुसरं म्हणजे, टोपली खाली धरून काठीनं ओंब्या झोडपल्या तर सुटे दाणे टोपलीत, घट्ट कण्याची ओंबी झाडावरच. म्हणजे निवड उलट्या दिशेनं होते. त्यात दुष्काळाच्या वर्षी बियाणं खाऊन टाकलं की पुढच्या वर्षी पुन्हा डोंगरावरून रानटी दाणा आणायचा आणि सगळी जमाबाकी शून्यावर.

जमिनीखालचा पुरावा या अडथळ्यांच्याच बाजूनं बोलतो. जळालेल्या कण्याच्या सांध्यावर सूक्ष्मदर्शकात गुळगुळीत व्रण दिसला तर तो आपोआप सुटला. ओबडधोबड, फाटलेला दिसला तर मळून काढला. केन-इची तान्नो आणि जॉर्ज विलकॉक्स यांनी २००६मध्ये वेगवेगळ्या वयांच्या गावांतले सांधे ताडून पाहिले. फाटलेल्या व्रणांचं प्रमाण एकदम न वाढता हजारो वर्षांत हळूहळू चढत गेलेलं दिसलं. म्हणजे माणूस पेरत होता, कापत होता, पण पीक अजून रानटी होतं. दोन-तीन हजार वर्षं तो ना पुरता शिकारी होता, ना पुरता शेतकरी. या अवस्थेला संक्रमण म्हणून बाजूला सारणं बरोबर नाही. शंभराहून अधिक पिढ्या तिच्यातच जगल्या आणि मेल्या. त्यांच्यासाठी तेच नेहमीचं जगणं होतं.

दुसरं गाव : शेत आलं, शिकार तशीच

वरच्या गावात चौकोनी, अनेक खोल्यांची, मातीच्या विटांची घरं आहेत. वस्ती वाढत वाढत काही हजारांवर गेली. पिकात आइनकॉर्न, राय, जव, मसूर, हरभरा आणि एमर गहू. हा एमर म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा आपला खपली गहू. खपली ज्यांनी घरी सडली आहे त्यांना त्याची अडचण माहीत आहे: मळणीनं ओंबीचे तुकडे होतात, पण दाणा खपलीतून सुटत नाही. तो वेगळा सडावा लागतो, मग पाखडायचा, मग दळायचा. अबू हुरेरात हे सगळं रोजचं होतं. धान्य खपलीसकट साठवलं की कीड कमी लागते. म्हणून सडण-दळण लागेल तसं, जवळजवळ रोज.

मांस मात्र अजून गझेलचंच. हाडांत तेच ८० टक्के. सुमारे हजार वर्षं हे गाव शेतात पेरत होतं आणि वसंतात कळप कोंडत होतं. मेंढ्या-शेळ्या होत्या, पण थोड्या. मग प्रमाण एकदम उलटतं: गझेल २० टक्क्यांच्या आसपास येतात, मेंढ्या-शेळ्या बहुसंख्य होतात. लेग आणि रॉली-कॉन्वी यांच्या मते कळपच येईनासे झाले. वाटेत ठिकठिकाणी शेतकऱ्यांची गावं उभी राहिली, सापळे वाढले, पिल्लांसकट अख्खे कळप दर वर्षी मारले गेले. एका गावाच्या हावेनं हे झालं असं नाही. एका गावाला परवडणारी पद्धत दहा गावांनी वापरली की कळपाला परवडत नाही.

हाडांवर लिहिलेली किंमत

थिया मॉलेसन यांनी अबू हुरेराच्या सुमारे १६० माणसांची हाडं तपासली. वरच्या गावातल्या अनेक सांगाड्यांत एकच नमुना पुन्हा पुन्हा दिसला. पायाच्या अंगठ्याचा बुडाचा सांधा झिजलेला, सुजून पसरलेला. गुडघ्याच्या हाडाला जादा कडा आलेल्या. मांडीचं हाड वाकलेलं आणि मागून जाड झालेलं. पाठीचा शेवटचा छातीकडचा मणका दबलेला. दंडावर खांद्याच्या स्नायूची आणि पुढच्या हातावर दंडाच्या स्नायूची जोडणी दोन्ही बाजूंनी सारखीच ठसठशीत. हे सगळं एकाच कामाकडे बोट दाखवतं: गुडघे टेकून, पायाची बोटं मागं दुमडून, त्यांच्यावर जोर देत पुढं झुकायचं, दोन्ही हातांनी वरवंटा ढकलायचा, मागं ओढायचा. असे दिवसाला काही तास, लहान वयापासून. आणि ही हाडं मुख्यतः बायकांची.

हा दगड पाट्यासारखा, पण मोठा, जमिनीवर ठेवलेला, खोगिरासारखा खोलगट झालेला. आपल्याला दळण म्हटलं की गोल जातं आठवतं. त्यावर बसून, एक पाय लांबवून, खुंटा फिरवत ओव्या म्हणता येतात. ते फिरतं जातं अजून कित्येक हजार वर्षं दूर होतं. गुडघ्यावर बसून पुढं-मागं ढकलण्यात अंगाचं सगळं वजन अंगठ्यावर आणि कमरेवर येतं. शेतीच्या इतिहासात नांगर, विळा, कोठार यांना जागा मिळते. धान्याचं अन्न करणारा मधला टप्पा राहून जातो, आणि अबू हुरेराच्या पुराव्यात सर्वांत जड ओझं नेमकं तिथंच आहे.

दातांवरही खुणा आहेत. दगडाची कच आणि न सडलेल्या दाण्यांचे तुकडे पिठात राहत, त्यानं दात झिजत, तुटत. काही जणांच्या पुढच्या दातांत खाचा आहेत, टोपल्या-चटया विणताना वेत दातात धरून ओढल्याच्या. विणकाम सुधारलं, चाळण्या आल्या, तसे नंतरच्या लोकांचे दात कमी तुटलेले दिसतात. भांडी आल्यावर धान्य शिजवून मऊ पेज करता येऊ लागली. मॉलेसन यांचा तर्क असा की त्यानं दात झिजायचे कमी झाले पण किडायला लागले, आणि पेजेवर बाळाला लवकर अंगावरून तोडता येऊ लागलं. दूध लवकर सुटलं की पुढचं बाळंतपण लवकर.

परतीची वाट बंद झाली ती इथं. रानातल्या अन्नावर शे-दोनशे माणसं जगत होती, आता काही हजार तोंडं होती. कळप येत नव्हते. भोवतालचं कुसळी गवत मेंढ्या चरत होत्या. कुणा एका पिढीनं शेतकरी व्हायचं ठरवलं नव्हतं. प्रत्येकीनं आपल्यापुढची एक अडचण सोडवली: ओलाव्याची जागा पाहून दोन मुठी राय टाकली, नवं वावर धरलं, पिल्लू मारायच्या ऐवजी बांधून ठेवलं. त्यातली एकेक गोष्ट सोडून देता आली असती, सगळ्या मिळून नव्हे.

ही वाट सगळीकडे अशीच बंद झाली असं मात्र नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० या काळात इथले लोक चौकोनी घरांत राहत, जव-गहू पिकवत, पाण्यासाठी पाट काढत. इ.स.पू. १०००नंतर ती मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेतीचा वाटा घटतो, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढते. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. इनामगावच्या माणसांना मागं सरकता आलं, कारण त्यांच्याकडं चालते-फिरते कळप होते आणि आसपास हरणांचं रान शिल्लक होतं. अबू हुरेराच्या माळावर गझेलचे कळप उरलेच नव्हते. इ.स.पू. ६०००च्या आसपास ते गाव ओस पडलं, तेव्हा तिथली माणसं जिथं गेली असतील तिथं मेंढ्या आणि बियाणं घेऊनच गेली असणार.